जुन्या कॉम्प्युटरला हार्ड डिस्क सापडत नाही तेव्हा

नागपूरच्या महाल भागात आमच्या काकाजींचं टायपिंग आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, प्रतिज्ञापत्रं, शाळांचे अर्ज, कोणाचा वारसाहक्काचा कागद. कॉम्प्युटर २००७ सालचा, त्यात विंडोज एक्सपी, पानं मांडायचं पेजमेकर, आणि मागच्या बाजूला मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे जी लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही अशी छोटी किल्ली. "काकाजी, नवा काहून नाही घेत?" असं प्रत्येक जण विचारतो. पण त्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाइल नव्या कॉम्प्युटरवर उघडली की जोडाक्षरं तुटतात, वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. इतक्या वर्षांचं काम त्या एका डब्यात आहे, म्हणून तो डबा चालू ठेवायचा.

मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, त्याच्या काळ्या पडद्यावर ओळ आली: 'डिस्क बूट फेल्युअर, इन्सर्ट सिस्टिम डिस्क अँड प्रेस एंटर'. एका दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटांत निकाल दिला, हार्ड डिस्क गेली, डेटा विसरा, नवी टाकून देतो. काकाजींनी मला फोन केला. "पोरी, हे सुरूच नाही होऊन राहिलं. मार्चपासूनच्या पत्रिका आहेत त्याच्यात."

डिस्क गेलेली नव्हती. मी १४ वर्षं एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम केलं आहे, आणि 'गेली' म्हणून बाजूला ठेवलेल्या कितीतरी डिस्क मी नुसती केबल बदलून परत चालवल्या आहेत. याच्या उलटही पाहिलं आहे. खरोखर आजारी असलेली डिस्क माणसं दिवसभर बंद-चालू करत राहतात आणि संध्याकाळपर्यंत तिचा जीव जातो. म्हणून तपासणीचा क्रम फार महत्त्वाचा. मी ज्या क्रमाने जाते तोच खाली देते आहे.

आधी कान द्या

कॅबिनेट उघडण्याआधी पंखा, कूलर बंद करा, कान कॅबिनेटजवळ न्या आणि कॉम्प्युटर एकदाच सुरू करा. चांगली डिस्क हळूहळू वेग घेते, घुर्र असा एकसारखा आवाज स्थिरावतो, मग एक-दोन बारीक टिकटिक होऊन शांत होते. असं ऐकू आलं तर निम्मी काळजी मिटली.

ठरावीक अंतराने टक्... टक्... टक्... असा आवाज येत असेल, किंवा डिस्कच्या आतून बारीक पीप-पीप येत असेल, तर लगेच बंद करा. टकटक म्हणजे वाचणारं हेड जागा शोधतं आहे आणि त्याला ती सापडत नाही. पीप-पीप म्हणजे बहुतेक वेळा मोटर फिरायला बघते पण आतून अडकली आहे. अशा डिस्कमध्ये एकुलती एक प्रत असेल तर पुढचं काहीच घरी करू नका. खराब हेड फिरत्या तबकडीवर घासलं की त्या जागेचा डेटा पुसला जात नाही, खरवडला जातो. तो मग कुणीच आणू शकत नाही.

काहीच आवाज नाही, हाताला कंपही नाही, तर डिस्कपर्यंत वीज पोहोचत नसण्याची शक्यता मोठी. ही त्यातल्या त्यात बरी बातमी.

पडदा नक्की काय म्हणतो

'हार्ड डिस्क दिसत नाही' या एका वाक्यात तीन-चार वेगळे बिघाड असतात. 'एनटीएलडीआर इज मिसिंग' आलं तर डिस्क दिसते आहे, तिच्यातली सुरू होण्याची फाइल सापडत नाही. आधी पेन ड्राइव्ह किंवा फ्लॉपी अडकून राहिली नाही ना बघा. निळा पडदा येऊन त्यावरच्या आकड्याच्या शेवटी '७बी' असेल तर विंडोज सुरू होताना तिला डिस्क वाचता आली नाही. आणि 'प्रायमरी मास्टर हार्ड डिस्क फेल' म्हणजे मदरबोर्डलाच डिस्कचं उत्तर आलं नाही.

काकाजींच्या पडद्यावरची 'डिस्क बूट फेल्युअर' ही ओळ मात्र दोन्हीकडे बसते. ती वाचून कुठलाच निकाल देता येत नाही, त्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये, जावं लागतं. सुरू होताच डिलीट किंवा एफ-२ दाबत राहा. काही कंपन्यांच्या मशीनला एफ-१ किंवा एफ-१० लागतं. पहिल्या पानावर जोडलेल्या डिस्कची यादी असते. तिथे डिस्कचं नाव आणि आकार बरोबर दिसत असेल तर डिस्क बोलते आहे. मग बूट क्रमात ती पहिली आहे का ते बघा, बिघाड विंडोजचा असण्याची शक्यता धरा. नाव असंबद्ध अक्षरांचं दिसलं तर केबल किंवा वाकलेली पिन. नाव बरोबर पण आकार शून्य, तर डिस्कच्या आतला बिघाड.

डिस्कच्या आतल्या बिघाडाचं एक गाजलेलं उदाहरण आहे. सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ मालिकेतल्या काही डिस्क २००८ च्या अखेरीस अचानक बायोसमधून नाहीशा होऊ लागल्या. तबकड्या, हेड, मोटर सगळं ठणठणीत होतं, चूक आतल्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये होती. २००९ च्या जानेवारीत कंपनीने ते मान्य करून नवं फर्मवेअर दिलं. अशी डिस्क अजूनही कुणाच्या कपाटात असेल तर फेकू नका, आतला डेटा बहुधा जसाच्या तसा असतो.

तारीख बघा

बायोसमध्ये गेलाच आहात तर तारखेकडे नजर टाका. वर्ष २००२ किंवा असलंच काही दिसलं, किंवा सुरू होताना 'सीमॉस चेकसम एरर' आलं, तर मदरबोर्डवरचा बटन सेल संपला आहे. तो सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. मल्टिमीटरवर २.८ च्या खाली दाखवत असेल तर बदलून टाका.

सेल आणि हार्ड डिस्क यांचा काय संबंध, असं वाटेल. सेल संपला की बायोस आपल्या सेटिंग विसरून कारखान्यातल्या सेटिंगवर जातो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण मेन स्विच बंद करून गावाला जातो, परत आल्यावर कॉम्प्युटर सुरू होत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. डिस्क जोडणाऱ्या सॅटा कंट्रोलरची पद्धत जुन्या आयडीईवरून नव्या एएचसीआयवर गेली की एक्सपी लगेच ७बी दाखवते, कारण मूळ एक्सपीमध्ये एएचसीआयचा ड्रायव्हरच नाही. एक्सपीची सीडी टाकल्यावर 'हार्ड डिस्क सापडली नाही' असं येतं तेही याच कारणाने. बायोसमध्ये सॅटा मोड आयडीई किंवा कम्पॅटिबल करा. काही ठिकाणी एखादा पोर्ट 'डिसेबल्ड' झालेला असतो, जुन्या आयडीई बोर्डात 'ऑटो' च्या जागी 'नन' झालेलं असतं. बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. हा आळस मला एकदा फार महागात पडला होता.

वीज

आता कॅबिनेट उघडायचं. प्लग भिंतीतून काढा, मग सुरू करायचं बटन पाच सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलेला चार्ज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच आतल्या वस्तूंना हात लावा. नागपूरच्या कोरड्या हवेत अंगावरची स्थिर वीज सहज एखादी चिप मारू शकते. डिस्क फिरत असेल तर बंद केल्यावर वीस सेकंद थांबा, फिरती डिस्क हलवायची नाही.

जुन्या वाड्यांतलं वायरिंग असेल तर आणखी एक गोष्ट. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थिंगची वायरच नसते आणि एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्याच्या, फिल्टरमधून थोडी वीज पत्र्यावर येते. अशा मशीनला बाहेरून दुसरं काही जोडताना नाजूक भाग जळू शकतात. कॉम्प्युटरच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

साडेतीन इंची डिस्कला दोन दाब लागतात. लाल वायरीवर ५ व्होल्ट, तिच्या सर्किटसाठी. पिवळ्या वायरीवर १२ व्होल्ट, मोटरसाठी. काळ्या दोन्ही वायरी अर्थच्या. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळी सळई काळ्या वायरीच्या पिनेत, लाल सळई एकदा पिवळ्यात, एकदा लालमध्ये. मोकळ्या राहिलेल्या चार पिनांच्या मोलेक्स कनेक्टरवर मोजणं सोपं पडतं. पिवळ्यावर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ यायला हवं. मात्र हे मोजताना डिस्क, पंखे, सीडी ड्राइव्ह सगळं जोडलेलं असू द्या, आणि सुरू करतानाचे पहिले दहा सेकंद आकड्यावरून नजर हटवू नका. मोटर वेग घेताना दीड-दोन अँपिअर ओढते. थकलेला एसएमपीएस नेमका तेव्हाच बसतो आणि नंतर पुन्हा साळसूदपणे १२ दाखवतो.

काकाजींच्या दुकानात मी पोहोचले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते, आणि कॉम्प्युटर सरळ सुरू झाला. ते बिचारे ओशाळले. मी म्हटलं, "काकाजी, दुपारी पुन्हा पाहू." अडीच वाजता गल्लीतले सगळे कूलर आणि एसी जोरात होते. पुन्हा तीच काळी ओळ. भिंतीतला दाब मोजला तर १८० च्या खाली घसरलेला, आणि पिवळ्या वायरीवर सुरुवातीला १०.९. एसएमपीएसमधले मोठे कपॅसिटर इतक्या उन्हाळ्यांनी सुकलेले. भिंतीतून पूर्ण दाब मिळाला की त्यांचं निभतं, दाब पडला की नाही. डिस्क अर्धवट वेग घेऊन थांबत होती आणि बायोसला तिचा पत्ता लागत नव्हता. 'सकाळी दिसते, दुपारी दिसत नाही' असं कुणी सांगितलं की तेव्हापासून मी आधी वीज मोजते.

एसएमपीएस उघडून दुरुस्त करायला जाऊ नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब काही काळ राहतो. सरळ नवा घ्या, आणि वजनाने अगदी हलका असलेला स्वस्त माल घेऊ नका. मदरबोर्डवरचे कपॅसिटरही बघून घ्या. डोकं फुगलेलं किंवा तपकिरी रस बाहेर आलेला असेल तर बोर्डच थकला आहे. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या पुष्कळ बोर्डांत असे खराब कपॅसिटर गेले होते.

मोलेक्सवरून सॅटा करणारे छोटे जोड सगळीकडे मिळतात. त्यातले एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेले टाळा, आत तारा एकमेकींच्या फार जवळ असतात आणि ते वितळून पेटल्याचे प्रकार झाले आहेत. तारा एकेक करून खाचेत दाबून बसवलेला जोड घ्या.

केबल आणि पिना

सॅटाची डेटा केबल सात संपर्कांची, शंभराच्या आत मिळणारी वस्तू आहे. ती तपासत बसू नका, सीताबर्डीच्या बाजारात गेलात की खटका असलेल्या दोन घेऊन या आणि बदलून बघा. सोबत मदरबोर्डवरचा पोर्टही बदला. वीज देणारं पंधरा संपर्कांचं टोक दुसरं लावून बघा.

आपल्याकडे कूलर हा या जोडांचा मोठा वैरी आहे. बोअरच्या खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार हवेबरोबर कॅबिनेटमध्ये जातात, सुकतात, आणि जोडांवर पांढरट थर बसतो. काढून परत घातल्याने निम्म्या वेळा काम होतं. नीट करायचं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ ब्रशने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग जोडा. आणि कॅबिनेट कूलरच्या झोतातून बाजूला सरकवा.

मशीन आणखी जुनं असेल, रुंद पट्ट्याची आयडीई केबल असेल, तर थोडं जास्त लक्ष लागतं. पट्ट्याची लाल कडा एक नंबरच्या पिनेकडे, म्हणजे बहुतेक डिस्कमध्ये विजेच्या जोडाच्या बाजूला. बारीक ८० तारांच्या केबलला तीन रंगांची टोकं असतात: निळं मदरबोर्डला, काळं शेवटच्या म्हणजे मास्टर (पहिल्या) डिस्कला, करडं मधल्या म्हणजे स्लेव्ह (दुसऱ्या) डिस्कला. डिस्कच्या ४० जागांपैकी एक पिन मुळातच नसते, ती तुटली असं समजू नका. वाकलेली पिन मात्र बारीक चिमट्याने हळू सरळ करा.

मग जंपर, म्हणजे डिस्कच्या मागच्या पिनांवर बसवायची छोटी टोपी. एका केबलवर दोन वस्तू असतील तर एक मास्टर, एक स्लेव्ह, किंवा दोन्ही 'केबल सिलेक्ट'. दोन्ही मास्टर झाल्या की एकही दिसत नाही. वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या डिस्कना एकटं असताना वेगळं सेटिंग लागतं, तिथे 'मास्टर' चा जंपर ठेवला तर ती डिस्क मुळात नसलेल्या स्लेव्हची वाट बघत राहते. लेबलवर आकृती छापलेली असते, चष्मा लावून ती वाचाच. अडलंच तर त्या केबलवरचा सीडी ड्राइव्ह काढून टाका आणि एकटी डिस्क लावून बघा. बिघडलेला सीडी ड्राइव्ह सबंध केबल अडवून ठेवतो.

डिस्क बदलून बघणं

इथपर्यंत काही सापडलं नाही तर ही डिस्क दुसऱ्या चालू कॉम्प्युटरला लावा, आणि दुसरी चालू डिस्क या मशीनला. कोण दोषी ते दहा मिनिटांत कळतं. यूएसबीचा जोड वापरत असाल तर साडेतीन इंची डिस्कसाठी १२ व्होल्टचा स्वतंत्र अडॅप्टर असलेलाच घ्या, यूएसबीतून फक्त ५ व्होल्ट मिळतात. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कला तेवढे पुरतात.

जुन्या मशीनला तुम्ही नवीन डिस्क लावली आहे आणि ती दिसत नाही, असं असेल तर बिघाड नसेलही. फार जुने बायोस ३३.८ जीबीच्या पुढची डिस्क बघताच अडकतात, त्यानंतरच्यांची मर्यादा १३७ जीबी. एक्सपीलाही त्यापुढे जायला सर्व्हिस पॅक १ लागतो. पहिल्या पिढीच्या, १.५ गिगाबिट वेगाच्या काही सॅटा चिपसेटना, त्यात व्हिया कंपनीचे काही, पुढच्या पिढीच्या डिस्कशी बोलताच येत नाही. अनेक डिस्कवर वेग कमी करणारा जंपर असतो, तो लावला की त्या दिसायला लागतात.

दिसली की आधी प्रत

डिस्क दुसऱ्या मशीनवर दिसली की विंडोज एखादी चौकट पुढे करेल: 'फॉरमॅट करायचं का', 'इनिशियलाइझ करायचं का', 'दुरुस्त करायचं का'. तिन्हींना नाही. विंडोजचं चेकडिस्क हे तपासणीचं साधनसुद्धा आता नाही, दुरुस्ती करताना ते डिस्कवर लिहितं, आणि आजारी डिस्कवर काहीही लिहायचं नसतं.

क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत सॉफ्टवेअरने डिस्कची प्रकृती कळते. यूएसबी जोडातून ती प्रत्येक वेळी दिसेलच असं नाही. ०५ या ओळीत बदललेली सेक्टरं (डेटा ठेवायचे बारीक कप्पे), सी५ मध्ये वाचता न येणारी, निकालाची वाट बघणारी सेक्टरं. सी५ वाढत असेल तर वेळ थोडा आहे. सी७ वाढलेलं असेल आणि बाकी शून्य, तर दोष केबलचा.

प्रकृती बरी असेल तर आधी जिवाचं ते उतरवून घ्या. काकाजींच्या बाबतीत पत्रिकांचं फोल्डर, फॉन्ट, ग्राहकांची यादी, गाणी नंतर. डिस्क अडखळत असेल तर फाइल-फाइल ओढत बसू नका. लिनक्सच्या लाइव्ह सीडीवरून (कॉम्प्युटर थेट सीडीवरूनच सुरू होतो) डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम चालवा. तो आधी सोपा, धड भाग उचलतो आणि खराब जागा शेवटी ठेवतो, कुठवर आला ते वेगळ्या फाइलमध्ये लिहितो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी तिथून पुढे सुरू होतो. एकच गोष्ट तीनदा तपासा: कुठली डिस्क मूळ आणि कुठली रिकामी. उलट झालं तर रिकाम्या डिस्कची प्रत डेटावर बसेल. हे काम नवतपाच्या, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांतल्या, दुपारी करू नका. बहुतेक डिस्कची मर्यादा ६० अंश असते आणि ४५ अंशांच्या दिवशी बंद खोलीत ती गाठायला वेळ लागत नाही. पहाटे लावा, डिस्कवर साध्या टेबल फॅनचा वारा सोडा.

कुठल्याच मशीनवर दिसत नसेल आणि डेटा मोलाचा असेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे द्या, मध्ये दहा हातांतून फिरवू नका. झाकण उघडू नका. हेड आणि तबकडी यांत काही नॅनोमीटरचं अंतर असतं, धुळीचा एक कण त्याच्यापुढे डोंगर आहे. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपाय कुणी सांगेल, तोही करू नका, बाहेर काढताच आत दव धरतं. तशाच दुसऱ्या डिस्कचं सर्किट काढून लावणंही आता चालत नाही, कारण प्रत्येक डिस्कची आपली मोजमापं त्या सर्किटवरच्या चिपमध्ये असतात आणि ती चिप उतरवून दुसरीकडे बसवावी लागते.

काकाजींचं मशीन नव्या एसएमपीएसवर आणि दाब सांभाळणाऱ्या यूपीएसवर चालतं आहे. जुन्या डिस्कच्या सी५ मध्ये चार सेक्टरं निघाली, म्हणून तिची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर केली आणि तीच आत बसवली. डोंगल, फॉन्ट, पेजमेकर सगळं होतं तसं सुरू झालं. दुसरी प्रत आमच्या घरी आहे, धरमपेठेत. जुनी डिस्क काकाजींनी तारीख लिहून लोखंडी कपाटात ठेवली, आणि नवी डिस्क बसली त्या दुपारी सव्वातीनला अडकलेली पहिली पत्रिका छापून निघाली.